आधी सीलंट, मग वॅक्स

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या सभागृहात एप्रिलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गाडीच्या रंगावर सीलंट आणि वॅक्सचे संरक्षक थर कसे लावायचे, या विषयावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती कोट मारायचे?’ कुणी म्हणतो तीन, कुणी पाच, आणि यूट्यूबवर तर एकावर एक दहा थर चढवणारे बहाद्दरही आहेत. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना चहाकडे वळता येईल. सीलंटचे दोन हात, आणि हौस असेल तर त्यावर वॅक्सचा एक. त्यापुढचं सगळं दंडाचा व्यायाम. हे असं का, आणि पहिला हात लावायच्या आधी काय करायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावरचा रंग सगळा मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तळाशी गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगाचा पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. चकाकी त्याची, उन्हाचे अतिनील किरण अडवणारी रसायनं त्याच्या पोटात, आणि चरे पडतात तेही बहुतेक त्याच्यावरच. जुन्या पद्मिनी-अँबॅसेडरवर हा थर नसायचा. रंगच वर असायचा, उन्हानं तो पांढुरका पडायचा, मग रबिंग करून वरची मेलेली कातडी काढायची. फडका गाडीच्या रंगाचा झाला की काम चांगलं झालं म्हणायचे. ती सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. आजच्या गाडीवर तसंच घासलं तर फडक्याला रंग लागत नाही, त्यामुळे काही गेलं असं वाटतही नाही. जातो तो क्लिअर कोट, आणि तो परत येत नाही.

आता या हिशेबात सीलंट आणि वॅक्स कुठे बसतात? लावून, वाळवून, पुसून झाल्यावर मागे जो पापुद्रा उरतो तो एक मायक्रॉनसुद्धा नसतो. जास्तीचं सगळं मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यानं तुम्हीच पुसून टाकलेलं असतं. तेव्हा पाच हात दिले की पाचपट जाडी, हे गणित इथे चालत नाही. दुसरा हात कशासाठी, तर पहिल्यात सुटलेल्या जागांसाठी. दाराच्या हँडलखाली, टपाच्या मध्यावर जिथे हात पोचत नाही तिथे, बंपरच्या वळणात, काहीतरी सुटतंच. दुसऱ्या हातानं ते भरून निघतं. तिसऱ्याला भरायला काही शिल्लक नसतं.

या दोन वस्तूंची जात वेगळी आहे. चांगलं वॅक्स म्हणजे बहुतेक वेळा कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये, सियारा आणि पियाउई या भागांत, एक ताडाच्या कुळातलं झाड आहे. कोरड्या हवेत पानांतलं पाणी उडू नये म्हणून ते पानांवर मेण धरतं. पानं कापून, वाळवून, झोडपून ते मेण झटकून काढतात. नैसर्गिक मेणांत हे सगळ्यात कडक, 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळणारं. पण डबीत येतं ते शुद्ध नसतं. शुद्ध कार्नोबाचा तुकडा बॉनेटवर घासलात तर वॅक्सिंग होणार नाही, तो इतका कडक की पसरणारच नाही. त्यामुळे त्यात तेलं, सॉल्व्हंट आणि इतर मऊ मेणं मिसळतात. सॉल्व्हंट उडून गेलं की मेण पृष्ठभागावर बसतं. नुसतं बसतं हो, धरून ठेवत नाही. आपल्या हवेत ते काही आठवडे टिकतं, फार तर दीड-दोन महिने.

सीलंट कारखान्यात बनवलेलं. त्यात मुख्यतः सिलिकोनच्या लांब साखळ्या असतात, आणि अनेक सीलंटमध्ये त्या साखळ्यांना अमिनो गट जोडलेले असतात. हे गट क्लिअर कोटला चिकटतात आणि मग साखळ्या एकमेकींत गुंततात. याला वेळ लागतो. बाटलीवर 12 तास लिहिलं असेल तर 12 तास, 24 असेल तर 24. तोवर त्यावर पाणी नाही, दुसरा हात नाही, वॅक्स तर अजिबात नाही. वॅक्समधलं सॉल्व्हंट कच्च्या सीलंटला विरघळवतं. नीट जमलेलं सीलंट चार-सहा महिने काढतं.

क्रम इथूनच ठरतो. सीलंटला क्लिअर कोट हवा, तोही निखळ. खाली मेण असलं तर ते मेणाला चिकटणार, आणि मेण गेलं की त्याच्याबरोबर तेही जाणार. वॅक्सचं तसं नाही, ते कशावरही बसतं. म्हणून सीलंट खाली, वॅक्स वर. आधी कळस मग पाया केलात तर दोन्हींचे पैसे गेले.

मग वर वॅक्स लावायचंच कशाला? दिसण्यासाठी. सीलंटची चमक काचेसारखी स्वच्छ पण जरा कोरडी असते, गडद लाल किंवा काळ्या रंगावर वॅक्स खोली आणतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर हा फरक मला तरी दिसत नाही, आणि इथल्या पार्किंगमधल्या निम्म्याहून जास्त गाड्या त्याच रंगांच्या आहेत. शिवाय एक तोटा आहे. आपल्या आज्या कपाळाला आधी मेण लावायच्या आणि वर पिंजर टेकवायच्या. मेणाचं कामच मुळी पूड धरून ठेवण्याचं. मे महिन्यात घोडबंदरला तेलकट वॅक्स लावलेल्या बॉनेटवर तेच होतं, फक्त पिंजरीऐवजी मेट्रोच्या खांबांची सिमेंटची धूळ असते. म्हणून माझा सल्ला : पावसाळ्याआधी नुसतं सीलंट, आणि वॅक्सची हौस दसऱ्यानंतर.

एक फसवी जागा सांगतो. बाजारात ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘पॉलिश अँड वॅक्स’ नावानं जे मिळतं त्यात घासणारी बारीक पूड असते. एकट्यानं वापरायला ते वाईट नाही. पण सीलंट लावून, चोवीस तास थांबून, वर हे चोळलंत तर आदल्या दिवशीची मेहनत तुमच्याच हातानं फडक्यात जाते. बाटली हलवून दोन थेंब बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर सीलंटवर नको. लागली नाही तरी मागची बारीक अक्षरं वाचा, कारण हल्लीची पूड बोटांना कळण्याइतकी जाड असेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट, तयारी. धुऊन-पुसून गाडी चकचकीत दिसतेय, म्हणून थेट सीलंट उघडायचं, हे म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. धुतलेल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून हलके फिरवून बघा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पत्रा रवाळ लागतो. हे रवे म्हणजे बहुतांशी लोखंड. रेल्वेच्या ब्रेकमधून आणि रुळांवरून उडालेले बारीक गरम कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. 16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून हा प्रसाद आपल्याला मिळतोय. नवी मुंबईकर दिवसभर गाडी वाशी-नेरुळच्या स्टेशनाबाहेर लावून जातात, त्यांच्या टपावर तो जास्त. रबाळे-महापे-तुर्भेच्या एमआयडीसीत गाडी उभी राहत असेल तर कारखान्यांची भर आणखी.

यावर आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. त्यातलं रसायन थायोग्लायकोलेट. केस कुरळे करायच्या लोशनमध्ये असतं तेच, म्हणून वासही तसाच, नाकाला झोंबणारा. पांढऱ्या गाडीवर मारलं की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ येतात. तो कुठे कुठे लोखंड रुतलं होतं त्याचा नकाशाच. वाळू न देता भरपूर पाण्यानं धुवा. उरलेलं, म्हणजे झाडाचा चीक, डांबराचे ठिपके, रंगाचा उडालेला फवारा, ते क्ले बारनं, म्हणजे मळता येणाऱ्या चिकणमातीसारख्या वडीनं काढायचं. पृष्ठभाग ओला आणि निसरडा ठेवून, दाब न देता, सरळ रेषेत. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या, कितीही महाग असो. क्लेनंतर पूर्वीचं तेल-मेण राहू नये म्हणून पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं एकदा पुसून घ्या. मगच सीलंट.

लावताना पत्रा गार हवा. तळहात बॉनेटवर आरामात टेकवता आला पाहिजे. त्यामुळे पोडियमखालची किंवा स्टिल्टमधली सावलीची जागा, सकाळची वेळ. स्पंजवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब एका दाराला पुरतात. जास्त घेतलंत तर संरक्षण वाढत नाही, पुसताना घाम वाढतो. पातळ पसरवा, इतकं पातळ की तिरकं बघितल्याशिवाय दिसू नये. मग थांबा. वाळलं की नाही हे घड्याळाला नाही, बोटाला विचारायचं. थरावरून एक बोट ओढा : मागे स्वच्छ चमकदार रेघ उमटली तर पुसायला घ्या, फरपटल्यासारखे ओघळ दिसले तर आणखी थांबा. जुलैत हवेतला दमटपणा 85-90 टक्क्यांवर असतो तेव्हा हे थांबणं बरंच लांबतं. पुसायचा मायक्रोफायबर दोनदा दुमडून घ्या, म्हणजे आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू अडखळायला लागली की दुसरी. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना वॅक्स लागू देऊ नका, वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते काढताना वैताग येतो. समोरच्या काचेवर तर नकोच, पहिल्या पावसात वायपर थडथडतो. मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच लावायचं नाही.

इथे हमखास कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवतं : सीलंट लावलेल्या बॉनेटवर पाण्याचे टपोरे मोती. दिसायला सुंदर, पण मोती म्हणजे संरक्षण नव्हे. आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत तर तो मोती वैरी आहे. तो उन्हात जागच्या जागी आटतो आणि कडेला क्षारांची पांढरी कडी सोडून जातो. तेव्हा धुतल्यावर लगेच पुसून कोरडी करणं हा सीलंटइतकाच महत्त्वाचा भाग. दोन-तीन महिन्यांनी मोती बनायचे थांबले की लोक म्हणतात, सीलंट गेलं. बऱ्याचदा ते गेलेलं नसतं, त्यावर क्षारांचा पापुद्रा बसलेला असतो. साध्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून सावलीत एका पॅनेलवर पुसा, लगेच धुऊन टाका. मोती परत आले तर सीलंट जिवंत आहे, नव्या बाटलीचे पैसे वाचले.

या थरानं काय होत नाही तेही सांगायला हवं, कारण विकणारा सांगत नाही. चरे थांबत नाहीत. रोज सकाळी एक बादली आणि एक फडका घेऊन वीस गाड्या पुसणारा जो मुलगा येतो, त्याच्या फडक्यात एकोणीस गाड्यांची वाळू असते. हात फिरे तेथे लक्ष्मी, हे घरात खरं. गाडीवर कोरडा हात फिरे तिथे चरे. त्याला दोष देऊ नका, त्याला मिळतात ते पैसे एका बादलीचेच असतात. त्याला सांगा, रोज पुसू नकोस, आठवड्यातून एकदा पाईपनं धू. पगार तेवढाच ठेवा, तो आनंदानं ऐकेल. कावळ्याची आणि कबुतराची घाणही हा थर अडवत नाही, फक्त थोडी सवड देतो. उन्हात ती क्लिअर कोट कोरते. दिसली की ओला फडका ठेवून मऊ होऊ द्या, मग उचला. खरवडू नका.

आणि ते ‘टेफ्लॉन कोटिंग’. टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, 327 अंश सेल्सिअसला वितळतं. तव्यावर ते बसवायला भट्टीत त्याच्याही वर तापवावं लागतं. गाडीचा रंग एवढ्या उष्णतेत जळून जाईल. म्हणजे गाडी घेताना त्या नावाखाली जे लावून देतात ते फार तर एक सीलंट असतं, कित्येकदा पॉलिश. पैसे द्यायचे तर सीलंटचे द्या, तव्याचे नको.

एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे : सिरॅमिक कोटिंग केलंय, वर हे सगळं लावू का? काका, गरज नाही. सिरॅमिक स्वतःच खालचा पक्का थर आहे. वर वॅक्स लावलंत तर बिघडत काही नाही, पण मग वर तुम्हाला वॅक्सच दिसेल आणि गुणही वॅक्सचेच राहतील. ज्याचे पैसे मोजले ते झाकलं जाईल. आणि त्या बाटलीवरचा 9एच म्हणजे पेन्सिलीच्या टणकपणाची मोजपट्टी आहे, हिऱ्याची नव्हे.

दुसरा प्रश्न वहिनींचा, आणि तो मला आवडला : दसऱ्याला बॉनेटवर स्वस्तिक काढतो, त्याचा डाग पडतो, काय करायचं? वहिनी, हळदीची काळजी करू नका, तिचा पिवळा उन्हात उडतो. त्रास देतं ते बाजारातलं कृत्रिम रंगाचं कुंकू, आणि तेही ओलं करून लावलं तर. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सीलंट झालेलं असू द्या, स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढा, आणि बॉनेटवरच हवं असेल तर संध्याकाळी शाम्पूच्या पाण्यानं धुऊन टाका, दिवाळीपर्यंत ठेवू नका. रंगाला खरा धोका झेंडूच्या हाराचा असतो. तो तारेनं बांधतात, आणि वाऱ्यावर ती तार ग्रिलवर आणि बॉनेटच्या कडेवर घासत राहते. हार सुती दोऱ्यानं बांधा, आणि पूजा झाली की गाडी गेटबाहेर काढण्याआधी उतरवून घ्या.