एका सप्तकात ३१ पट्ट्या

(पट्ट्यांवरून सरकणारा हात, अगदी जवळून)

पांढऱ्या, काळ्या आणि निळ्या पट्ट्या. हा अ‍ॅमस्टरडॅमच्या मुझीकखेबाऊ सभागृहातला फोकर ऑर्गन. पियानोवर सप्तकाचे १२ समान भाग असतात. इथे ३१ आहेत.

एवढे कशासाठी? आधी पियानो ऐका. सी आणि ई, म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार.

(पियानो : दोन्ही स्वर एकत्र, लांबवलेले)

आतली थरथर ऐकू येते? गंधाराची कंपनसंख्या षड्जाच्या बरोबर सव्वापट असली की दोन स्वर एकजीव होतात. सप्तक १२०० सेंटचं धरलं, तर हा गंधार ३८६ वर लागतो. पियानोचा लागतो ४०० वर. हे १४ सेंट मधल्या सीवर सेकंदाला सुमारे १० हेलकावे देतात. १२ समान भागांमुळे कुठलाही स्वर षड्ज धरून वाजवता येतं, हे खरंच. पण त्यासाठी गंधार चढा ठेवावा लागला, आणि आपल्या कानांना आता ते खटकतही नाही.

३१ भागांत एक पायरी ३८.७ सेंटची. दहा पायऱ्या चढलं की ३८७!

(ऑर्गन : तेच दोन स्वर. निवेदन नाही.)

आता या दोन पट्ट्या पाहा. ही सी शार्प, सीपासून दोन पायऱ्यांवर. ही डी फ्लॅट, तीन पायऱ्यांवर. पियानोवर दोघींना मिळून एकच काळी पट्टी असते.

(जुनं हार्पसिकॉर्ड)

हे व्हेनिसच्या व्हितो त्रासुन्तिनोनं १६०६ साली घडवलेलं वाद्य, सध्या बोलोन्यात आहे. यातही सप्तकाला ३१ पट्ट्या. पुढे १६९१ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्स यांनी, लोलकाचं घड्याळ बनवणाऱ्या त्याच हायगेन्स यांनी, लॉगॅरिदम मांडून दाखवलं की त्या काळची शुद्ध गंधाराची जुळणी आणि ३१ समान भाग जवळजवळ एकच आहेत. तो हिशेब भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उचलला आणि १९५० मध्ये हार्लेमच्या टेलर संग्रहालयात हा ऑर्गन उभा राहिला.

पंचम इथे ५ सेंट उतरतो. बोटांनाही सगळं नव्यानं शिकावं लागतं.

(संगणकाचा पडदा, शेजारी ऑर्गन)

२००९ पासून ऑर्गन इथे आहे आणि तो संगणकावरूनही वाजवता येतो. वादक मिळेपर्यंत रचनाकारानं थांबायचं कारण उरलेलं नाही.