सबवूफर आणि स्पीकरचा सांधा

मंडळी, सुरुवात आपल्या मुंबईच्या हॉलपासून करतो. १४ फूट लांब, १० फूट रुंद, एका भिंतीला टीव्ही, समोर सोफा. सबवूफर, म्हणजे फक्त बेस (सर्वात खालचे सूर) वाजवणारा स्पीकर; त्याच्या वाट्याला येतो उरलेला कोपरा. माझ्या दादरच्या घरात वर्षभर तो तसाच होता. गाण्यात बेस गिटार वरच्या तारांवर असेपर्यंत ठणठणीत वाजायची. सर्वात जाड तारेवर उतरली, की पायाखालची जमीनच काढून घेतल्यासारखं व्हायचं. मी सबला नावं ठेवत होतो. दोष सोफ्याच्या जागेचा होता.

त्या जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे ही लहर साधारण साडेआठ मीटर लांब. तिची अर्धी लांबी १४ फुटांत जवळजवळ चपखल बसते. मग ती दोन भिंतींमध्ये कोंडली जाते: भिंतींपाशी दाब भरपूर, मधोमध जवळपास काहीच नाही. माझा सोफा नेमका मधोमध! तिथे बसलात, की सब कुठल्याही कोपऱ्यात न्या, तो खड्डा भरत नाही. म्हणून आधी सोफा हलवा. मी तो अडीच फूट मागे सरकवला. अगदी भिंतीला टेकवू नका, तिथे बेस नको तितका फुगतो.

मग सबची जागा शोधायला उलटा डाव केला: सब सोफ्यावर, कान सबच्या जागी; जिथे बेस नीट ऐकू येईल, तिथे ठेवलेला सब सोफ्यावरही तसाच वाजतो. सब उचलून आपल्या बसायच्या जागी ठेवला. गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला आणि गुडघ्यांवर बसून, कान जमिनीलगत नेत, भिंतीच्या कडेने फिरलो. टीव्हीपाशी नुसती घुमघुम. दाराजवळच्या चपलांच्या स्टँडपाशी मात्र प्रत्येक सूर सुटा, सारख्या वजनाचा. स्टँड बाहेर गेला, सब तिथे आला.

आता खरा सांधा. तुम्ही हौसेने मोठे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे स्पीकर घेतलेत, आणि मी सांगतो की रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर जिथे जोडले जातात त्या ॲम्प्लिफायरच्या डब्यात, त्यांना ‘स्मॉल’ करा. जिवावर येतं, मला माहीत आहे. पण इथे ‘स्मॉल’चा अर्थ एवढाच, की ठरावीक सुराखालचा बेस सबकडे जाईल. टॉवर जिथे ठेवल्यावर गायकाचा आवाज बरोबर मध्यभागी येतो, ती जागा बेसला क्वचितच मानवते. शिवाय खालचा भार उतरला, की ॲम्प्लिफायर मोकळा होतो. क्रॉसओव्हर, म्हणजे सबकडे बेस सोपवायची ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. त्याच्या बराच वर नेलात, तर आवाज कुठून येतोय ते कानाला कळायला लागतं. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर ठेवा, नाहीतर दोन गाळण्या एकामागे एक लागतात. ऑटो कॅलिब्रेशननंतर, म्हणजे रिसीव्हरने माइक लावून स्वतःच सेटिंग केल्यावर, हे सगळं पुन्हा तपासा. बरेच रिसीव्हर टॉवरना परत ‘लार्ज’ करून टाकतात.

आणि फेज, म्हणजे दोन लहरींच्या चढउतारांचा मेळ. ८० हर्ट्झवर सब आणि टॉवर दोघंही वाजत असतात. आपल्या कानापासून दोघांच्या अंतरात सुमारे सात फुटांचा फरक पडला, की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात जातो आणि सूर नाहीसा होतो. लोक मग सबचा आवाज वाढवतात, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींची झोप मोडते. इथे सब आणि टॉवर जोडून ठेवलेत. मी ८० हर्ट्झचा सूर लावतो आणि फेजचा खटका ० वरून १८० वर नेतो. डोळे मिटा, आणि खटक्याच्या कोणत्या बाजूला सूर भरतो तेवढं मला हात वर करून सांगा.