झाकली मूठ: पेन स्टेट युनिव्हर्सिटी इतकी वर्षं गप्प का बसली

नमस्कार. आधीच सांगते, विषय जड आहे, लहान मुलांवरच्या अत्याचाराचा आहे, शेजारी मुलं बसली असतील तर हेडफोन लावा नाहीतर नंतर बघा. मी घटनेचं वर्णन करणार नाहीये. मला बोलायचंय ते ज्यांना कळलं होतं आणि जे खुर्चीवर होते त्यांच्याबद्दल.

तारीख 9 फेब्रुवारी 2001, शुक्रवारची रात्र. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे, तिथे पेन स्टेट युनिव्हर्सिटी. फुटबॉल टीमचा एक तरुण असिस्टंट, माइक मॅक्वेरी, नवे बूट लॉकरमध्ये ठेवून यावं म्हणून लॉकर रूममध्ये शिरतो आणि आत शॉवरमध्ये त्याला जेरी सॅन्डस्की दिसतो, एका लहान मुलाबरोबर. जे दिसलं त्याने तो इतका हादरला की आधी वडिलांना फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट हेड कोचच्या घरी गेला.

आता हा सॅन्डस्की कोण, तर याच टीमचा वर्षानुवर्षांचा असिस्टंट कोच, 1999 मध्ये रिटायर झालेला, पण रिटायर झाल्यावरही बिल्डिंगच्या किल्ल्या त्याच्याकडे, ऑफिस त्याच्याकडे, आणि 1977 पासून त्याने काढलेली 'सेकंड माइल' नावाची संस्था, घरची परिस्थिती बिकट असलेल्या मुलांसाठी. मुलं त्याला तिथेच भेटायची. गावात त्याला देवमाणूस समजायचे हो.

आणि हेड कोच म्हणजे जो पॅटर्नो. हा माणूस 1966 पासून हेड कोच, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला त्याचं नाव, स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा, तो जिवंत असताना! फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नाही, त्यांचा तो हेल्मेट घालून खेळतात तो. गावाची वस्ती 40 हजारांच्या आसपास आणि स्टेडियममध्ये माणसं बसतात 1 लाखाच्या वर. मॅचच्या दिवशी आख्खं गाव त्या एका खेळावर चालतं, हॉटेलं, दुकानं, युनिव्हर्सिटीला येणारी देणगी, सगळं. हे डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच येतं.

पॅटर्नोने काय केलं, तर वरच्यांना सांगितलं. क्रीडा विभागाचा प्रमुख टिम कर्ली आणि पैशाअडक्याचा कारभार बघणारा व्हाइस प्रेसिडेंट गॅरी शुल्ट्झ, ज्याच्या हाताखाली युनिव्हर्सिटीचे पोलीसही येत होते. त्यांच्याकडून गोष्ट गेली प्रेसिडेंटकडे, ग्रॅहम स्पॅनिअर, आपल्याकडचे कुलगुरू समजा. आणि ही पहिली तक्रार नव्हती बरं का. 1998 मध्येच एका आईने तक्रार केली होती, मुलगा ओल्या केसांनी घरी आला म्हणून तिला शंका आली, तेव्हा युनिव्हर्सिटीच्याच पोलिसांनी चौकशी केली होती, गुन्हा काही दाखल झाला नाही.

आता नीट ऐका. (स्क्रीनवर ईमेल)

पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत या तिघांचं ठरतं की सॅन्डस्कीशी बोलायचं, त्याच्या संस्थेला सांगायचं आणि सरकारच्या बालकल्याण खात्याला कळवायचं. म्हणजे बरोबर रस्त्यावर होते ना! मग 27 फेब्रुवारीला कर्लीचा ईमेल येतो, की मी अजून विचार केला, काल जो पॅटर्नोशी बोललो, आणि आपलं जे ठरलं होतं ते मला जड जातंय, आधी त्या व्यक्तीशी बोलू, मदत घे म्हणून सांगू, ऐकलं नाही तर मग बाकीच्यांना कळवू. त्यावर प्रेसिडेंटचं उत्तर, की मला हे मान्य आहे, धोका एवढाच की त्याने ऐकलं नाही तर आपण कळवलं नाही म्हणून आपणच अडचणीत येऊ, पण ते पुढचं पुढे बघता येईल, हा मार्ग माणुसकीचा आहे.

माणुसकीचा. मी हा ईमेल कितीतरी वेळा वाचलाय आणि दर वेळी त्या शब्दापाशी येऊन थांबते, कारण ती माणुसकी कोणासाठी आहे बघा, सॅन्डस्कीसाठी आहे. आणि धोका कोणाला आहे, तर 'आपल्याला'. त्या सगळ्या देवाणघेवाणीत मुलगा कोण होता, कुठे राहतो, आत्ता कसा आहे, हे विचारणारी एक ओळ नाही. कोणीही त्याला शोधायला गेलं नाही.

लोक म्हणतात ना की युनिव्हर्सिटी गप्प बसली, जणू कोणाच्या लक्षात आलं नाही, कामाच्या गडबडीत राहून गेलं. तसं नाहीये. गप्प बसायचं हे ठरवलं गेलं, लिहून, फायदे-तोटे मांडून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतो ना आपण, इथे ती मूठ खरोखर लाखाच्या स्टेडियमची होती.

मग सॅन्डस्कीला सांगण्यात आलं की मुलांना कॅम्पसच्या बिल्डिंगमध्ये आणू नको. बस. संस्थेच्या प्रमुखाच्या कानावर घातलं, तिथेही विषय संपला. पोलीस नाहीत, बालकल्याण खातं नाही. म्हणजे मुलांना काही होऊ नये याची नाही तर ते आपल्या आवारात होऊ नये याची काळजी घेतली. आणि तो पुढे एका हायस्कूलमध्ये मदतनीस कोच म्हणून जात राहिला.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. याच्याही आधी, 2000 च्या शेवटाला, त्याच बिल्डिंगमधल्या एका सफाई कामगाराने असंच काहीतरी बघितलं होतं. तो थरथरत होता, सोबत्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की बोललो तर नोकरी जाईल, फुटबॉलवाल्यांच्या विरोधात आपलं कोण ऐकणार. त्यांना मी फार बोल लावू शकत नाही. झाडू मारणाऱ्याला खरंच भीती होती. पण कुलगुरूला कोणाची भीती होती? त्याने एक फोन केला असता तर त्याची नोकरी कोण घेणार होतं? आणि मला वाटतं कामगारांना जी भीती वाटली ना, ती वरच्यांनीच वर्षानुवर्षं तयार केलेली होती, फुटबॉलला हात लावायचा नाही ही.

शेवटी तोंड फोडलं ते पण युनिव्हर्सिटीने नाही. 2008 मध्ये त्या हायस्कूलमधल्या एका मुलाने आईला सांगितलं, आई शाळेत गेली, तिथून तपास सुरू झाला. मार्च 2011 मध्ये 'पेट्रियट न्यूज' या तिथल्या पेपरने चौकशीची बातमी छापली, मे महिन्यात युनिव्हर्सिटीच्या विश्वस्तांना प्रेसिडेंटने थोडक्यात कल्पना दिली, विश्वस्तांनी फार काही विचारलं नाही, आणि पुन्हा सगळं शांत. 5 नोव्हेंबर 2011 ला सॅन्डस्कीला अटक झाली, कर्ली आणि शुल्ट्झवरही आरोप आले, आणि त्या दिवशी युनिव्हर्सिटीचं पहिलं निवेदन काय, तर माझा या दोघांना बिनशर्त पाठिंबा आहे, खाली स्पॅनिअर. चार दिवसांत त्याचंही पद गेलं. पॅटर्नोला फोनवर काढलं, आणि त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, टीव्हीवाल्यांची व्हॅन उलटी केली. कोचला काढलं म्हणून! मुलांसाठी मेणबत्त्या घेऊन विद्यार्थी जमले, पण ते नंतर, दोन दिवसांनी.

जून 2012 मध्ये सॅन्डस्की 48 पैकी 45 आरोपांत दोषी ठरला, 30 ते 60 वर्षं शिक्षा. एफबीआयचे माजी प्रमुख लुई फ्री यांनी चौकशी करून अहवाल दिला, वरचे ईमेल त्यातच आले. पुतळा हटवला. युनिव्हर्सिटीला दंड 6 कोटी डॉलर. कर्ली आणि शुल्ट्झने 2017 मध्ये मुलांना धोक्यात टाकल्याचा गुन्हा कबूल केला, स्पॅनिअरला ज्युरीने दोषी धरलं, अपिलांत वर्षं गेली आणि 2021 मध्ये तो जेमतेम दोन महिने तुरुंगात राहिला. त्याचं म्हणणं कायम हेच, की मला नुसती मस्ती चालली होती एवढंच सांगितलं गेलं. पॅटर्नोच्या घरच्यांनाही तो अहवाल मान्य नाही. पॅटर्नो 2012 च्या जानेवारीत गेला, जाण्याआधी म्हणाला होता, मी आणखी काहीतरी करायला हवं होतं.

कमेंटमध्ये विचारणारच तुम्ही, म्हणून सांगते, आपल्याकडे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा. कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, कलम 19. आणि हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद. आधी आपण आपल्या पातळीवर चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल, असं कोणी तुम्हाला समजावत असेल तर हे कलम त्यांना वाचून दाखवा, आणि तुम्ही स्वतः 1098 ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

आणि तो शॉवरमधला मुलगा. सॅन्डस्कीच्या खटल्यात आठ तरुण साक्षीला उभे राहिले, आपल्यावर काय झालं ते भर कोर्टात बोलले. तो त्यांच्यात नव्हता. कागदोपत्री त्याचं नाव आहे 'पीडित क्रमांक 2'.