प्लाझ्मापासून मतपेटीपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. तेव्हा सोळाव्या मतदारसंघातील एका जागेचा निकाल शेवटची मते मोजून होईपर्यंत कुणालाच सांगता येईना. अखेर डेमोक्रॅटिक पक्षाचे अँड्र्यू झ्विकर ७८ मतांनी निवडून आले. रिपब्लिकन पक्षाच्या बालेकिल्ल्यात विजयी झालेले हे गृहस्थ व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ होते.

प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा भौतिकी प्रयोगशाळेत ते काम करीत. वायू अतिशय तापवला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि प्लाझ्मा तयार होतो. सूर्य ज्या अणुसंमीलनावर, म्हणजे हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन ऊर्जा बाहेर पडण्यावर, तळपतो ते पृथ्वीवर घडवायचे, तर हा कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा कोणत्याही भांड्याला न पेलणारा असल्यामुळे तिथे चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवला जातो. अनेक दशके खपूनही या क्षेत्रातील संशोधकांना व्यापारी वीजकेंद्र उभारता आलेले नाही. एवढा धीर अंगी बाणलेल्या माणसाला मतमोजणीची प्रतीक्षा फारशी जड गेली नसावी, असे आपले मला वाटते.

राजकारणातला त्यांचा पहिला प्रयत्न मात्र फसला होता. याच प्रयोगशाळेचे पूर्वीचे सहायक संचालक रश होल्ट अमेरिकी काँग्रेसमधून, म्हणजे देशाच्या संसदेतून, निवृत्त होत असताना, २०१४ मध्ये, झ्विकर यांनी त्या जागेसाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवली आणि ते हरले. मग ते राज्याकडे वळले. न्यू जर्सीत आमदारकी हे पूर्णवेळ काम मानले जात नाही, बहुतेक सदस्य आपापला व्यवसाय सांभाळून सभागृहात बसतात. त्यामुळे झ्विकर यांनाही प्रयोगशाळा सोडावी लागली नाही. वैज्ञानिक राजकारणात क्वचित का दिसतात, याची चर्चा करताना ही साधी व्यावहारिक सोय आपण विसरतो. पुढे विज्ञान, नवोपक्रम आणि तंत्रज्ञान या विषयांच्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

२०२१ मध्ये त्यांनी राज्याच्या सिनेटची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, निवडणूक जिंकली. पराभूत उमेदवार होते मायकेल पापस. हेच पापस १९९८ मध्ये काँग्रेसचे विद्यमान सदस्य असताना रश होल्ट यांच्याकडून हरले होते. तेवीस वर्षांच्या अंतराने एकाच प्रयोगशाळेतल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांशी गाठ पडलेला राजकारणी दुसरा असल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.