आजींचं फुकटचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते दुकानातल्या फ्रिजबद्दल, डीप फ्रीझरबद्दल, एसीबद्दल आणि त्यांच्या वीजबिलाबद्दल. मी ३५ वर्षं सांगली-मिरजेत या यंत्रांची दुरुस्ती केली. या काळात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कोणतं म्हणाल तर, "काका, गॅस कमी झालाय वाटतं." ते का चुकीचं, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट पक्की करू. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर फेकतो. आपल्या जिल्ह्यात हे समजवायला सोपं आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना आपल्याला ठाऊक आहेत. कृष्णेचं पाणी जितकं उंच चढवायचं तितकी वीज जास्त लागते. फ्रिजचंही तेच. हा उष्णतेचा उपसा आहे. बाहेरची जाळी, म्हणजे कंडेन्सर, जितका गरम, तितकी चढण उंच. कंडेन्सरचं तापमान १ अंशाने चढलं की वीज साधारण २ ते ३ टक्के जास्त खर्च होते. पुन्हा सांगतो, फ्रिज थंडी करत नाही, उष्णता उपसतो. एवढं लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर सांगलीच्या गावभागात चला.

गावभागातल्या एका बोळात श्रीखंडाचं दुकान आहे. नाव सांगत नाही. श्रीखंड मात्र अस्सल, वेलदोड्याचं. आम्रखंडाला मी श्रीखंड मानत नाही, यावर घरी माझं कुणी ऐकत नाही, ते जाऊ द्या. दुकानाच्या आत एक छोटी शीतखोली, आणि तिचं यंत्र मागच्या चौकात. मालक तरुण. जुलैमध्ये तो बिल घेऊन आला. "काका, एप्रिलपेक्षा दीडपट आलंय."

आता हे कोडंच की हो. एप्रिलमध्ये सांगलीत चाळिशीचं ऊन, लग्नसराई, श्रीखंडाचे डबेच्या डबे. जुलैमध्ये गार हवा, चातुर्मास लागलेला, खप निम्म्यावर. बिल उतरायला पाहिजे. चढण कमी, पाणी कमी, आणि वीज जास्त! मीटर तपासून झाला होता, मीटर बरोबर होता. दोन कारागीर येऊन गेले होते. पहिला म्हणाला गॅस कमी आहे, भरला. दुसरा म्हणाला अजून कमी आहे, त्यानेही भरला. अहो, गॅस म्हणजे काय गाडीतलं पेट्रोल आहे, चालेल तसं संपायला? बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं. आणि गळती नसताना जास्तीचा भरला, तर यंत्रावरचा दाब वाढतो आणि वीज आणखी खाते. इथे तेच झालं होतं.

मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा सकाळी ११ वाजता. पंखा नीट फिरतोय, जाळी समोरून बरी दिसतेय. मालक म्हणाला, "रात्री मात्र यंत्र मध्येच बंद पडतं. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं." म्हणजे दाब जास्त झाला की कटआउट, म्हणजे यंत्र बंद करणारा सुरक्षा स्विच, पडत होता. पण रात्रीच का? डोकं चालेना.

तिसऱ्यांदा गेलो तो योगायोगाने. मिरजेहून सकाळची गाडी पकडायची होती, म्हणून पहाटे साडेपाचलाच त्याच्या दारात उभा राहिलो. मागच्या चौकात गेलो आणि बघतच राहिलो. यंत्राच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, सुतळीची दोरी. दोरीवर चक्का बांधायची मलमलची फडकी, एकाला एक लागून, अठरा-वीस तरी असतील. पंख्याचा गरम वारा फडक्यांवर आपटून परत जाळीकडे वळत होता. यंत्र स्वतःचाच श्वास पुन्हा पुन्हा ओढत होतं.

तेवढ्यात मालकाच्या आजी बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. मला म्हणाल्या, "काय बघतोस? आठ दिवस ऊन नाही. ओली फडकी ठेवली तर कुबट वास मारतात, चक्का बिघडतो. हे यंत्र रात्रभर गरम वारा सोडतंय. फुकटचं ऊन आहे, वाया का घालवायचं?" सकाळी सात वाजता, कारागीर यायच्या आत, फडकी घडी करून आत जायची. म्हणून कुणालाच काही दिसलं नव्हतं. जाळी उघडली तर आत मलमलीच्या तुसांचा थर, साखरेच्या भुकटीने चिकटलेला. मी ती पाण्याने आणि मऊ ब्रशने साफ केली, जास्तीचा गॅस काढला, दोरी हलवली. गाडी चुकली ती चुकलीच.

पण आजींचं बोलणं डोक्यातून जाईना. चूक दोरीची होती, विचाराची नव्हती. उपसलेली उष्णता वाया का घालवायची? पुढे दिवाळीआधी आम्ही कॉम्प्रेसरमधून, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपातून, निघणारी गरम नळी कंडेन्सरकडे जायच्या आधी पाण्याच्या टाकीतून फिरवली. भांडी धुवायला कढत पाणी मिळू लागलं आणि कंडेन्सरचा भारही हलका झाला. मोठ्या डेअऱ्यांत हे पूर्वीपासून करतात. ज्यांच्याकडे शीतखोलीही आहे आणि गरम पाण्यासाठी गॅसही जळतो, त्या मिठाईवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी याची चौकशी जरूर करावी.

वेळ संपत आला, बाकीचं भराभर सांगतो. कंडेन्सरची जाळी महिन्यातून एकदा साफ करा, भट्टीजवळच्या दुकानात पंधरा दिवसांनी. यंत्र भिंतीला चिकटवू नका आणि त्याच्यासमोर खोकी रचू नका. दाराच्या रबरात १० रुपयांची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढता आली तर रबर बदला. गरम दूध थेट आत ठेवू नका, आधी साध्या पाण्यात निववा. ती उष्णता फुकट जाते, आत ठेवली तर विकत उपसावी लागते.

एसीचं म्हणाल तर २४ अंश. १ जानेवारी २०२० पासून स्टारचं लेबल असलेले खोलीचे एसी २४ अंशांवर लावूनच विकायचे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. प्रत्येक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आणि आपली मंगल कार्यालयं! मे महिन्यात १८ अंश, बायका शालू सोडून शाली पांघरून बसलेल्या. हरभट रोडवर चाललं तर कपड्यांच्या दुकानातला गारवा रस्त्यावर येतो. दार सताड उघडं आणि आत एसी! सगळ्या सांगलीला गार करायचा ठेका घेतलाय का? निदान प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा तरी लावा.

आणि हो, टनाचं राहिलं. एसीचा टन म्हणजे वजन नव्हे. ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उपसायची ताकद म्हणजे १ टन, साधारण साडेतीन किलोवॅट. दुकान लहान असेल तर शेजाऱ्याचं बघून दोन टनाचा घेऊ नका. खोली मोजून घ्या.

आजींची दोरी आता चौकाच्या दुसऱ्या टोकाला आहे, गरम पाण्याच्या टाकीच्या वर. गेल्या खेपेला गेलो तेव्हा फडक्यांच्या शेजारी सांडग्यांचं सूपही ठेवलेलं होतं. मी काही बोललो नाही.

नमस्कार.