माझ्या प्लेअरच्या वाट्याला जाऊ नकोस

स्क्रीनवर ही जी पोरांची यादी दिसतेय ना, ती सगळी कॉम्प्युटरने बनवलेली आहेत, नाव, उंची, गाव सगळं खोटं, पण त्यांच्यावरून होणारी भांडणं मात्र एकदम खरी. गेमचं नाव हूप्स डायनॅस्टी, व्हॉटइफस्पोर्ट्स या अमेरिकन साइटचा. इथे आपण कॉलेज बास्केटबॉल टीमचे कोच, मॅच इंजिन खेळतं, आपण फक्त डावपेच लावायचे आणि प्लेअर गोळा करायचे. टीमला १२ स्कॉलरशिप, म्हणजे बारा प्लेअरच्या जागा, दर सीझनला सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाची पोरं, बाहेर पडणार आणि त्या जागा भरायला नवीन पोरं आणायची, खरी मारामारी तिथेच.

आता हे पान बघा. चांगला सेंटर आहे, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर, रिबाउंडिंग (हुकलेला बॉल पकडणं) जबरदस्त, आणि खाली त्याच्या मनात असलेल्या कॉलेजांमध्ये एकच नाव. तुम्ही स्कॉलरशिप ऑफर करता, होम व्हिजिटचे, म्हणजे पोराच्या घरी जाऊन भेटण्याचे, गेममधले पैसे लावता, पुढच्या सायकलला, म्हणजे फेरीला, तुमचंही नाव तिथे चढतं. आणि थोड्या वेळात इनबॉक्समध्ये मेसेज येऊन पडतो: "मी याच्यावर पहिल्या दिवसापासून आहे, माझ्या घराजवळचा आहे, सोडून दे, नाहीतर तुझ्या पोरांवर पण मी येईन."

बरेच जुने कोच म्हणतील की यात काय चुकलं, आधी आला त्याचा मान ठेवायला नको का? माझं मत स्पष्ट आहे, नको. सही होईपर्यंत पोरगा कुणाच्याच मालकीचा नाही. जवळच्या कॉलेजला अंतराचा फायदा गेमच देतो, व्हिजिट स्वस्त पडते, मोठ्या नावाच्या कॉलेजला प्रेस्टिजचा फायदा मिळतो, मग वरून आणखी मेसेजचा फायदा कशाला हवा. आणि "तू माझ्या पोराला हात लावू नको, मी तुझ्या लावत नाही" असं दोघांनी ठरवलं की ते संगनमत झालं, त्यात तिसऱ्या कोचचं नुकसान, कारण त्याच्याशी लढायला दोघांकडेही पैसे वाचलेले असतात. प्रेमाने लिहिलेल्या मेसेजचाही परिणाम तोच होतो, धमकी निदान उघड तरी असते.

खऱ्या कॉलेज फुटबॉलमध्येही (अमेरिकन फुटबॉल) हे झालंय बरं का. २०१२ मध्ये ओहायो स्टेट कॉलेजला नुकतेच कोच म्हणून आलेले अर्बन मायर दुसऱ्या कॉलेजला तोंडी होकार दिलेली पोरं फिरवतात म्हणून विस्कॉन्सिनचे कोच ब्रेट बिलेमा जाहीरपणे चिडले होते, म्हणजे आपल्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी नेहमी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) असं करत नाहीत वगैरे. पण तोंडी होकार कुणालाच बांधत नव्हता. बांधणारा कागद म्हणजे लेटर ऑफ इंटेंट, १९६४ पासून २०२४ पर्यंत चालला, त्यावर सही झाली की बाकीच्यांनी पाठ सोडायची. म्हणजे सीमारेषा होती, फक्त ती सहीपाशी होती, होकारापाशी नव्हती.

एका ठिकाणी मात्र मी थोडा मऊ पडतो, आपल्याच कॉन्फरन्समधला कोच. नियम काहीच नाही, पण दोघांनी एकाच पोरावर बजेट जाळायचं आणि सीझनभर एकमेकांसमोर कमजोर टीम उतरवायची, यात शहाणपण नाही. तिथे मागे हटायचं असेल तर गुपचूप हटा, स्वतःच्या हिशोबाने, फोनाफोनी करून नाही. समोरच्याला कळायचीही गरज नाही.

आणि हरल्यावरचं काय? सध्याच्या गेममध्ये जास्त जोर लावणारा जिंकेलच असंही नाही, शक्यतांवर सोडत निघते, त्यामुळे सगळं बरोबर करूनही पोरगा हातचा जातो आणि मग चॅटमध्ये सुरू होतं, चोरलास, लाज नाही वाटत. एकवेळ "भारी लढलास" लिहा, नाहीतर काहीच लिहू नका आणि उरलेल्या पैशात कुणी बघत नाही असा एखादा गार्ड (बॉल हाताळणारा प्लेअर) शोधा, प्लेअर आणायचं दुसरं सेशन अजून बाकी असतं.