तिसरा हात

नमस्कार श्रोतेहो.

वीतभराची एक मऊ उशी. तिच्यावर ससा नाहीतर बेडूक शिवलेला आणि मधोमध एक पट्टा. पट्ट्यात दुधाची बाटली अडकवायची, उशी बाळाच्या छातीवर ठेवायची, निपल तोंडात द्यायचं आणि आपण मोकळं व्हायचं. दुसऱ्या एका प्रकारात वाकणारा दांडा असतो, तो पाळण्याच्या कठड्याला चिमट्याने लावतात. ऑनलाइन मागवलं की घरपोच येतं. आज मला या वस्तूबद्दल बोलायचंय, आणि ती वापरणाऱ्या आईबापांना आपण जे बोलतो त्याबद्दलही. बोलणाऱ्यांत मी पुढे होते, म्हणून सुरुवात माझ्यापासूनच.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जुळी आहेत, एक मुलगा, एक मुलगी. तेव्हा तीन महिन्यांची होती. बाळंतपणाला आलेली त्यांची आजी दीड महिना राहून औशाला परत गेली, कारण तिकडे तिची सासू अंथरुणाला खिळलेली. बाळांचा बाप सकाळी ८ ला निघतो, रात्री ८ ला येतो. अंगावरचं दूध दोघांना पुरेना म्हणून डॉक्टरांनी वरचं सुरू केलं होतं. एके दिवशी कैरीचं लोणचं द्यायला मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं. आत सतरंजीवर दोघं शेजारीशेजारी उताणी, दोघांच्या छातीवर एकेक बेडूक, आणि बेडकांच्या पोटातून निघून तोंडात गेलेल्या बाटल्या. खोलीत दुसरं कुणी नाही. आवाज एकच, चुटुचुटु दूध ओढल्याचा.

मी परिचारिका. ३१ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली. तोंडातून निघूनच गेलं, "काय गं, हाताला मेंदी लावलीय का?"

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. एका हातात कुकरचं झाकण, दुसऱ्या हातात त्याची रिंग. चिडली नाही. म्हणाली, "काकू, याला घेतलं की ती रडते. तिला घेतलं की हा. आधी कुणाला घेऊ ते तुम्ही सांगा."

मला सांगता आलं नाही. बरणी ओट्यावर ठेवली आणि मुलीला उचललं. तिच्या मानेखालचं दुपटं ओलं होतं. दूध गालावरून ओघळून कानामागे गेलं होतं, आणि मानेच्या वळीतून त्याचा आंबूस वास येत होता.

आता माझ्या भीतीचं सांगते, कारण बोलणं चुकलं तरी भीती खोटी नव्हती. अंगावर पिणारं बाळ ओढतं, थांबतं, श्वास घेतं, पुन्हा ओढतं. बाटली हातात धरून पाजणारा माणूसही ते पाहत असतो. हनुवटी हलायची थांबली, कपाळाला आठी आली, बोटं ताठ झाली, की तो बाटली जरा खाली करतो. उशीला हे कळत नाही. बाळ थांबलं तरी दूध ठिबकतच राहतं. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला बाटली ढकलून देता येत नाही, मान वळवून सुटका करून घेता येत नाही. दूध श्वासनलिकेत गेलं तर मोठा माणूस ठसकतो, घर गोळा करतो. तान्हं बाळ पुष्कळदा आवाजही करत नाही. शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी चालू असेल तर कळणार कसं?

शिवाय कान. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी तान्ह्या बाळात आखूड आणि बरीचशी आडवी असते. उताणं निजवून दूध पाजलं की ते तिकडे चढू शकतं, आणि मग रात्रभर कानाला हात लावून रडणारं बाळ घेऊन लोक आमच्या वॉर्डात यायचे. दात आलेल्या मुलाच्या तोंडात बाटली ठेवूनच त्याला झोपवलं तर पुढचे दात किडतात, तेही पाहिलंय. ब्रिटनमध्ये वस्तूंच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने डिसेंबर २०२२ मध्ये या उशांबद्दल सरळ इशारा दिला, की वापर ताबडतोब थांबवा आणि उशी टाकून द्या. तेव्हा ही वस्तू वाईट आहे, यावर माझं मत बदललेलं नाही. घरात असेल तर आजच काढून टाका.

पण लोणचं देऊन खाली आल्यावर मला झोप लागेना. कारण मला एक जुनी खोली आठवत राहिली.

शिकत असताना काही आठवडे आम्हाला एका शिशुगृहात पाठवलं होतं. १४ पाळणे, पाळीला दोन मावश्या. दुधाची वेळ झाली की मावशी बाटल्यांची जाळी घेऊन निघायची. पहिल्या पाळण्यात लंगोटाची घडी करायची, त्यावर बाटली टेकवायची, निपल तोंडात, की पुढचा पाळणा. चौदाव्या पाळण्याशी पोचेपर्यंत पहिल्याची बाटली रिकामी. बेडूक नव्हता एवढाच फरक. मीही तसंच केलं. मावश्यांना कुणी आळशी म्हटलं नाही, मला तर नाहीच. सगळे म्हणायचे, काय करणार, माणसं कमी आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतही माणसं कमीच होती की. तिथे मात्र मला पहिल्यांदा मेंदी दिसली.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य तर मी किती जणींच्या तोंडून ऐकलं! होतं हो, सगळं होतं. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून भाकरी थापणारी बाई कुणी पाहिली नाही? हात परातीत, पाय झोक्यात. माझ्या आजीने पाच मुलं तशी वाढवली. दूध मात्र ती बोंडल्याने पाजायची, मांडीवर आडवं घेऊन, चोच ओठांच्या कडेला लावून. त्याला हात लागतोच, मान्य. पण आजीच्या घरात चार हात जास्तीचे होते, दोन जावा होत्या. आणि त्या नसत्या तर?

ते कसं दिसतं हे गिरणगावात दिसलं होतं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्या बाळांना बाळागोळी द्यायच्या. तिच्यात अफू असायची. बाळ दिवसभर गुंगीत पडून राहायचं, रडायचं नाही, मागायचं नाही. तेव्हाच्या सरकारी अहवालांमध्ये याची नोंद आहे. त्या आया दुष्ट होत्या का? खोलीत पाहणारं कुणी नव्हतं आणि भोंगा थांबत नव्हता. बाळागोळी विष होतं, हेही तितकंच खरं.

म्हणून मला त्या काळातला एक माणूस फार मोठा वाटतो. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. या भाराचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असंही ते म्हणाले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला, देशातला असा पहिला. गिरणीतल्या बाईला आई कशी असावी हे शिकवायच्या आधी तिला घरी राहायला मिळेल का, हे त्यांनी पाहिलं.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. कागदावर हे चांगलंच आहे. पण चार घरी पोळ्या करणाऱ्या बाईला ही रजा कोण देणार? उसाच्या फडातल्या बाईला? आणि बापाचं काय? केंद्र सरकारच्या नोकरीतल्या पुरुषाला १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरीत कायद्याने काहीच नाही, मालकाची मर्जी. तिसऱ्या मजल्यावरच्या बापाला मिळाले होते पाच दिवस. त्यातले दोन दवाखान्याच्या बिलात गेले.

बापावरून आठवलं. रविवारी हाच बाप गच्चीवर एकाला मांडीत घेऊन बाटली पाजत बसतो. बायका कौतुकाने पाहतात, "किती करतो बाई!" एका हाताने पाजतो, दुसऱ्या हाताने मोबाइल चाळतो. त्याला अजून कुणी मेंदीबद्दल विचारलेलं नाही.

आणि आपली हिरकणी. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, तिथे बुरूज बांधला. आज एसटी स्टँडवर बाळाला पाजायला जी खोली असते तिला आपण हिरकणी कक्ष म्हणतो. मला ही गोष्ट ऐकताना हल्ली वेगळंच दिसतं. ती कामावर गेली होती. घरी बाळ, आणि त्याला पाजणारं दुसरं कुणी नाही. आजची असती तर कडा उतरण्याआधीच तिला किती ऐकावं लागलं असतं! तान्हं मूल टाकून गडावर जायचं कशाला म्हणून.

असो. तिसऱ्या मजल्याचं पुढे काय झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर गेले, या वेळी रिकाम्या हाताने. आधी म्हटलं, "काल बोलले ते चुकले." ती म्हणाली, "बसा ना." मग दोघींनी मिळून बसवलं. दोन उशा भिंतीला तिरक्या टेकवल्या, त्यांवर दोघं अर्धवट बसती निजवली, मध्ये ती मांडी घालून बसली, आणि दोन्ही हातांत दोन बाटल्या. बाटली फार उभी धरायची नाही, जवळजवळ आडवी, निपलपुरतं दूध राहील इतकी. कुणी थांबलं की आपणही थांबायचं. दोघांना एकदम जमत नसेल तर एकाची वेळ अर्धा तास पुढे ढकलायची. कुकर मात्र राहतो. तो राहू दे.

बेडकांचे पट्टे तिने त्याच संध्याकाळी कापून टाकले. एकाचा आता पिना टोचायला उपयोग होतो.

संध्याकाळी साडेपाचची वेळ आम्ही वाटून घेतली आहे. मुलगी माझ्याकडे असते, ती पिताना माझ्या चष्म्याच्या दोरीला धरते. मुलगा तळमजल्यावरच्या आजोबांकडे. ते रेल्वेतून निवृत्त झालेत, बरोबर वेळेला हजर असतात. फक्त बाटली फार उंच धरतात. तीनदा सांगून झालं, "आजोबा, खाली, खाली." ते म्हणतात, "बाई, तुम्ही तुमचं बघा."

नमस्कार.